लेखकाचा लहान लॅपटॉप : काय बदलता येते, काय नाही

लेखन कार्यशाळेत व्याकरण, प्रमाणलेखन, संपादन असे सगळे बोलून झाले, की चहाच्या वेळी कोणी ना कोणी मला बाजूला घेते आणि विचारते, "सर, फक्त लिहिण्यासाठी स्वस्तातला लहान लॅपटॉप घ्यायचा आहे. कोणता घेऊ?" मी मराठीचा शिक्षक. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. तरीही हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण २००९ साली घेतलेला एक लहान लॅपटॉप मी अजून वापरतो आणि तो आतून कसा आहे हे मला ठाऊक आहे.

या प्रश्नाला आता माझे उत्तर ठरलेले आहे. कोणता घ्यायचा ते नंतर पाहू. त्यातून काय काय बाहेर काढता येते ते आधी विचारा. ऐकणाऱ्याला हे उत्तर जरा विचित्र वाटते. ते मी का देतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझे यंत्र

माझा लॅपटॉप म्हणजे असूस या तैवानी कंपनीचा ईई पीसी १०००एच. या मालिकेतला पहिला लॅपटॉप २००७ साली आला. त्याचा पडदा सात इंची आणि साठवण अवघी चार जीबी होती. पुढच्याच वर्षी आलेला १०००एच त्या मानाने ऐसपैस. दहा इंची पडदा, इंटेलचा ॲटम एन२७० हा १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, एक जीबी रॅम, आत फिरणारी हार्ड डिस्क आणि वजन सुमारे दीड किलो. शाळेच्या पिशवीत वह्यांच्या गठ्ठ्यासोबत तो मावत असे, आणि शिक्षकाच्या पगारात बसत असे. तेव्हा मला एवढेच पुरेसे होते.

त्याच्या पोटाला एक झाकण आहे, याकडे घेताना माझे लक्षही गेले नव्हते. ते झाकण उघडले, की रॅमची पट्टी, हार्ड डिस्क आणि वायफायचे छोटे कार्ड या तिन्ही वस्तू समोर दिसतात. बॅटरी तर स्क्रूसुद्धा न काढता, दोन खटके सरकवून हातात येते. हा लॅपटॉप इतकी वर्षे टिकला, त्याचे श्रेय प्रोसेसरपेक्षा मी या झाकणाला देतो.

फळा आणि वही

रॅम आणि डिस्क यांतला फरक मी वर्गात फळा आणि वही यांच्या आधाराने सांगतो. आत्ता ज्यावर काम चालू आहे ते फळ्यावर असते. तास संपला की फळा पुसला जातो. जपून ठेवायचे ते वहीत उतरते. रॅम हा फळा, डिस्क ही वही. फळा लहान असेल तर अर्धे गणित पुसून वहीत उतरवावे लागते आणि लागेल तेव्हा वहीतून पुन्हा फळ्यावर लिहावे लागते. संगणकही रॅम अपुरी पडली की नेमके हेच करतो. काम थांबत नाही, पण रखडते.

एक जीबीचा फळा सुरुवातीला पुरला. पुढे आंतरजालावरची पाने जड होत गेली. एका बाजूला शब्दकोशाचे पान उघडे ठेवून दुसऱ्या बाजूला लेख लिहायचा, एवढ्यानेही यंत्र अडखळू लागले. म्हणून रॅम वाढवायची ठरवली. १०००एचमध्ये रॅमची खाच एकच आहे आणि मर्यादा दोन जीबीची. तेव्हा जुनी पट्टी काढून तिथे दोन जीबीची पट्टी बसवणे एवढाच पर्याय होता.

इथे माझी एक फजिती झाली. दुकानदाराने "लॅपटॉपची रॅम सगळी सारखीच" असे सांगून दिलेली पट्टी घरी आणल्यावर काही केल्या बसेना. ती डीडीआर३ जातीची निघाली आणि माझ्या लॅपटॉपला डीडीआर२ हवी होती. लॅपटॉपच्या डीडीआर२ पट्टीला २०० टोके असतात, डीडीआर३ला २०४, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२. प्रत्येक जातीचा विद्युतदाबही वेगळा. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून पट्टीच्या काठावर एक खाच ठेवलेली असते आणि तिची जागा जातीनुसार बदलते. म्हणून पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये; बहुधा पट्टीच चुकीची असते. जुनी पट्टी सोबत नेऊन तिच्यावरची अक्षरे दुकानदाराला दाखवणे सगळ्यांत सुरक्षित.

बसवण्याचे काम मात्र सोपे आहे. बॅटरी काढायची, हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ओढायच्या. पट्टी तिरकी वर येते. नवी तशीच तिरकी घालून खाली दाबली की चिमट्या खट् करून बसतात. आपल्याकडच्या दमट हवेत आणखी एक अनुभव येतो. पावसाळ्यात लॅपटॉप सुरू होत नाही, पडदा काळाच राहतो, आणि दोष निघतो रॅमच्या सोनेरी टोकांवर धरलेल्या पुटाचा. ती टोके पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसून, चुरा झटकून पट्टी परत बसवली की यंत्र पुष्कळदा पूर्ववत चालते. शिक्षकाच्या खिशातले साधन असे कामी आले, याची मला गंमत वाटली.

वही बदलली

दोन जीबी रॅमने फरक पडला. खरा पालट मात्र डिस्क बदलल्यावर झाला. जुनी हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी. साधारण लॅपटॉपात ती मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती नोंद वाचणाऱ्या सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. त्यात सुईला योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ मिळवला की एका नोंदीला पंधराएक मिलिसेकंद जातात. संगणक सुरू होताना अशा हजारो नोंदी वाचतो. एसएसडी या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काही नसते. नोंद मिलिसेकंदाच्या अंशात हाती येते.

माझ्या लॅपटॉपातला साटा जोड पहिल्या पिढीचा. त्याची कमाल गती सेकंदाला १५० एमबी. आजच्या साध्या एसएसडीची क्षमता याच्या तिप्पट असते, ती इथे पुरती वापरली जात नाही. तरीही लॅपटॉप सुरू होण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला, कारण अडचण कधीच वाहून नेण्याच्या गतीची नव्हती; शोधण्यातल्या खोळंब्याची होती. म्हणून जुन्या यंत्रात महागडी एसएसडी घालण्यात अर्थ नाही. अडीच इंची साटा जातीची साधी डिस्क पुरे.

साठवण किती मोठी घ्यावी? लेखकाने याचा हिशेब एकदा करून पाहावा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'क्षि' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर दिसते. संगणकासाठी ती क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. तरीही दोन हजार शब्दांचा लेख साधारण ४० केबीत मावतो आणि ऐंशी हजार शब्दांची कादंबरी दोन एमबीच्या आत. साऱ्या आयुष्याचे लेखन एका जुन्या पेनड्राइव्हवर बसेल. जागा लागते ती छायाचित्रांना, ध्वनिमुद्रणांना आणि खुद्द संगणक चालवणाऱ्या प्रणालीला. १२० किंवा २४० जीबीची डिस्क लेखकाला पुष्कळ झाली.

काढलेली जुनी डिस्क मी टाकली नाही. तिच्यासाठी यूएसबीचे केसिंग मिळते, साधारण एका जाड कादंबरीच्या किमतीत. त्यात घातली की तीच डिस्क कोणत्याही संगणकाला बाहेरून जोडता येते. या साध्या गोष्टीचे मोल मला पुढे कळले.

जे बदलता आले नाही

बॅटरी मी दोनदा बदलली. मूळची सहा सेलची, ७.४ व्होल्ट आणि ६६०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे सुमारे ४९ वॅट-तासांची. जून-जुलैत पावसाने वीज गेली, तरी नवी असताना चार तास लेखन चाले. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी झिजते. म्हणून कधीतरी लागेल म्हणून जादा बॅटरी घेऊन कपाटात ठेवू नये. फुगलेली बॅटरी दिसली तर ती चार्ज करू नये, टोचू नये, दाबू नये. आधी दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी.

प्रोसेसर मात्र मुख्य पाटीवर डाक दिलेला, म्हणजे सोल्डर केलेला असतो. तो बदलता येत नाही. एन२७० हा ३२ बिटांचा प्रोसेसर आहे, आणि रॅम किंवा एसएसडी यांतल्या कशानेही तो ६४ बिटांचा होत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तेव्हा मी लिनक्सकडे वळलो. २०१६मध्ये गूगल क्रोमने लिनक्सवरच्या ३२ बिटांच्या यंत्रांसाठी आवृत्त्या काढणे थांबवले. माझ्याकडे आता डेबियन १२ चालते. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून टाकली. म्हणजे माझ्या यंत्राचे सुटे भाग ठीक असूनही त्याचे दिवस भरत आले आहेत. आज जुना लॅपटॉप घेणाऱ्याने तो ६४ बिटांचा आहे ना, हे आधी पाहावे, ते यासाठी.

पडदाही तसाच. १०२४ बाय ६०० बिंदूंच्या पडद्यावर रोमन लिपी ठीक दिसते. देवनागरीला मात्र वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागते. अक्षर वाचण्याजोगे मोठे केले की एका वेळी दहा-बारा ओळी दिसतात. अक्षर लहान केले तर शिरोरेघेवरचा ठिपका अनुस्वार आहे की धूळ, हे पडदा पुसल्याशिवाय कळत नाही. मुद्रितशोधनासाठी मी आजही तो मोठ्या मॉनिटरला जोडतो. त्यासाठी लागणारा जोड आहे की नाही, हे लहान लॅपटॉप घेताना जरूर पाहावे.

एका प्रबंधिकेची गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी लहान लॅपटॉप घेतला. नवा, पातळ, माझ्यापेक्षा हलका आणि पंखा नसल्याने निःशब्द. कोणत्या कंपनीचा, हे इथे महत्त्वाचे नाही. दोन जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण. तिने मला तो हौसेने दाखवला, आणि मीही कौतुक केले. खाली झाकण नव्हते, हे मला दिसले होते. मी काही बोललो नाही.

तिचा विषय होता सत्तरीतले रणमाले. वाळपईच्या आसपासच्या वाड्यांवर जाऊन ती जुन्या कलाकारांशी बोले, फोनवर त्यांचे बोलणे मुद्रित करी आणि घरी येऊन शब्दशः उतरवून काढी. फोन भरला की मुद्रणे लॅपटॉपवर घेऊन फोनवरची पुसून टाकी. ३२ जीबीपैकी मोठा भाग विंडोजनेच अडवलेला, त्यामुळे लॅपटॉपवरही जागेची सदा ओढाताण.

ऐन पावसात तो लॅपटॉप बंद पडला. ती माझ्याकडे आली तेव्हा मी बेफिकीरपणे म्हणालो, "घाबरू नकोस, डिस्क काढून केसिंगमध्ये घालू." लॅपटॉप उघडला, आणि आत डिस्क नव्हतीच. तिची साठवण ईएमएमसी जातीची होती. एसएसडीसारखीच चिप, पण वेगळी न ठेवता मुख्य पाटीवर डाक दिलेली. पाटी गेली की तीही हाताबाहेर जाते. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले की पाटी जिवंत झाली तर मजकूर मिळेल. नाही तर चिप उखडून वाचणारे तज्ज्ञ गाठावे लागतील आणि त्यांचा खर्च लॅपटॉपच्या किमतीहून जास्त होईल. पाटी जिवंत झाली नाही.

पहिली तीन प्रकरणे तिने मार्गदर्शकांना ईमेलने पाठवली होती, ती वाचली. उरलेली दोन तिने पुन्हा लिहिली. बहुतेक मुलाखतीही पुन्हा घेतल्या. पण एक वृद्ध कलाकार तोवर अंथरुणाला खिळले होते आणि त्यांना बोलणे जमत नव्हते. त्यांनी सांगितलेली गीते आणि त्यांचे अर्थ तिच्या प्रबंधिकेत नाहीत. आता ते कुठेच नाहीत.

यात दोष कोणाचा? प्रत ठेवली नाही हा तिचा, असे म्हणता येईल. तो तिने मान्यही केला. पण झाकण नसल्याचे पाहून गप्प बसलो, हा माझा. ज्याच्यातून वही काढता येत नाही असे दप्तर मी तिला नीट समजावून द्यायला हवे होते.

दुकानात काय विचारावे

तेव्हापासून मी विचारणाऱ्याला पुढील गोष्टी सांगतो.

रॅम खाचेत बसवलेली आहे की पाटीवर पक्की? तपशीलपत्रात 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' असा शब्द असेल तर ती वाढत नाही. 'एलपीडीडीआर' असे लिहिले असेल तर ती बहुधा पक्कीच. काही लॅपटॉपांत थोडी रॅम पक्की आणि शिवाय एक खाच मोकळी असते, तेही चालेल. सगळीच पक्की असेल तर पुढे वाढवू या भरवशावर कमी रॅमचा लॅपटॉप घेऊ नये. लेखनासोबत आंतरजाल वापरायचे तर आज आठ जीबी असावी.

साठवण कोणत्या जातीची? ईएमएमसी असेल तर शक्यतो टाळावे. अडीच इंची साटा डिस्क किंवा एम.२ जातीची चपटी डिस्क असेल तर ती काढता येते. एम.२मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. बदलताना जुनी डिस्क दाखवूनच नवी घ्यावी.

इथे एक सावधगिरी. विंडोजच्या नव्या लॅपटॉपांत डिस्कवरचा मजकूर पुष्कळदा आपोआप कुलूपबंद केलेला असतो. अशी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली लॅपटॉप चालू असतानाच शोधून कागदावर लिहून ठेवावी. नाहीतर डिस्क हातात असूनही उपयोग नाही.

कळफलक दुकानातच वापरून पाहावा. लहान लॅपटॉपांत जागा वाचवण्यासाठी उजवी शिफ्ट कळ आखूड करतात आणि तिला खेटून वर जाणाऱ्या बाणाची कळ बसवतात. इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वरचिन्हे डाव्या हाताला असतात आणि पूर्ण स्वर लिहायला उजवी शिफ्ट लागते. 'आई, एक ओळ ऐक' हे वाक्य टंकून पाहा. त्यात पाच पूर्ण स्वर आहेत. लिहिताना दर्शक वरच्या ओळीवर उडी मारत असेल, तर त्या कळफलकावर कादंबरी लिहिण्याचा नाद सोडावा. कळफलक नंतर बदलता येतो, पण त्याचा आकार बदलत नाही.

नव्याऐवजी जुना घ्यावा का? माझे मत घ्यावा असे आहे. कार्यालयांतून निघालेले लहान लॅपटॉप बाजारात मिळतात आणि ते दुरुस्तीच्या दृष्टीने बनवलेले असतात. त्या विद्यार्थिनीने नंतर असाच २०११चा थिंकपॅड एक्स२२० घेतला. साडेबारा इंची पडदा, प्रोसेसर ६४ बिटांचा, डीडीआर३ रॅमच्या दोन खाचा, बॅटरी खटक्यावर सुटणारी, आणि डिस्क एक स्क्रू काढला की बाजूने बाहेर येते. सात मिलिमीटर जाडीची एसएसडी तिथे बसते. तिने आठ जीबी रॅम आणि एसएसडी घातली. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११च्या अटींत हा लॅपटॉप बसत नाही. म्हणून तिच्याकडे लिनक्स आहे. इनस्क्रिप्ट कळफलक आणि युनिकोड टंक तिथे उत्तम चालतात. जुन्या बिगर-युनिकोड टंकांतले लेखन असेल तर ते मात्र आधी रूपांतरित करून घ्यावे.

शेवटी

इतके सांगूनही मुख्य गोष्ट लॅपटॉपच्या बाहेरच राहते. डिस्क काढता येणे ही अपघातानंतरची सोय आहे. अपघाताआधीची सोय म्हणजे प्रत : एक पेनड्राइव्हवर, एक स्वतःलाच केलेल्या ईमेलमध्ये, दर आठवड्याला. माझ्या यंत्रात मी केलेल्या सगळ्या सुधारणांपेक्षा तिला खर्च कमी येतो.

ती विद्यार्थिनी आता शिक्षिका आहे. परवा तिच्या शाळेत मी गेलो होतो. तिच्या टेबलावर तो एक्स२२० होता आणि त्याच्या झाकणाखालून काढलेली जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून शेजारी ठेवलेली. तिच्यावर तिने कागद चिकटवून लिहिले होते : 'रणमाले, दुसरी प्रत'. तिसरी कुठे आहे असे मी विचारले. तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढून दाखवला.